उसाला निघालेल्या तान्ह्या लेकरांसाठी डी व्हिटॅमिनचे ड्रॉप्स पाहिजेत

नमस्कार मंडळी, दसरा झाला की आपल्या धारूर-वडवणी भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या ट्रॅक्टरवर आईच्या मांडीवर तान्ही लेकरंही असतात, त्यांच्यासाठी गावातला बचत गट आणि तरुण मंडळ मिळून यंदा एकच काम करतोय. वर्षाच्या आतल्या प्रत्येक लेकरासोबत हंगामभर पुरतील एवढे डी व्हिटॅमिनचे ड्रॉप्स द्यायचे.

आईचं दूध सगळ्यात चांगलं, पहिले सहा महिने वरचं काहीच नको, पण डी व्हिटॅमिन तेवढं त्यात फार कमी असतं, आणि आईच्याच अंगात कमी असलं की लेकरू जन्मतःच कमी साठा घेऊन येतं. लोक म्हणतात मराठवाड्यात उन्हाला काय तोटा, पण लेकरू दिवसभर फडाच्या कडेला झोळीत, वरून लुगडं टाकलेलं, ऊन अंगाला लागणार कुठून, आणि तान्ह्याला भर उन्हात ठेवा असंही सांगता येत नाही ना. मग हाडं मऊ राहतात, टाळू वेळेवर भरत नाही, दात उशिरा, चालणं उशिरा, मनगटं जाड, पायाला बाक, हाच मुडदूस, आणि कॅल्शियम फार उतरलं तर झटकेसुद्धा येतात. रोजच्या ४०० युनिटनं हे टाळता येतं हो! ड्रॉप्सनं लेकरू हुशार होतं असं आम्ही म्हणत नाही, हाडं नीट भरावीत एवढ्यासाठीच ही धडपड.

आता देणाऱ्यांनी नीट वाचा. १ मिलीत ४०० युनिट असलेली ३० मिलीची बाटली एका लेकराला महिनाभर जाते, म्हणजे सहा महिन्याला सहा बाटल्या. बाजारात १ मिलीत ८०० वालीपण मिळते, तिचा डोस निम्मा, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, दोन्ही एकत्र झाल्या की घोटाळा होणार, म्हणून ४०० वालीच आणा आणि एक्सपायरी पुढच्या उन्हाळ्याच्याही पुढची बघा. ६०,००० युनिटची पाकिटं किंवा छोट्या बाटल्या कृपा करून देऊ नका, चुकून लेकराला रोज गेली तर जीवावर बेततं.

एखाद्या बालरोगतज्ज्ञांनी एक दिवस दिला तर फार बरं होईल, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या लेकरांचा डोस त्यांनीच ठरवावा. ड्रॉपर कुठपर्यंत भरायचा हे आशाताई प्रत्येक आईला हातात धरून दाखवणार आहेत.

रोख पैसे नकोत. बाटल्या मेडिकलच्या पक्क्या बिलासकट घटस्थापनेपर्यंत अंगणवाडीत आणून द्या, त्यानंतर टोळ्या हलायला लागतात.