विनिपेगहून, बादलीवर आलेल्या मुलीचं पत्र

विनिपेग,
12 नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,
सा. न.

हिवाळ्यात चार महिने इथलं घर बंद ठेवायचं म्हटल्यावर परवा फोनवर आई म्हणाली, "कुलूप लावायचं नि निघायचं, त्यात एवढं काय?" तेवढ्यात मागून समीर बोलायला लागला आणि माझं उत्तर राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. शिवाय फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, पत्रात ती सोय नाही.

मी मजेत आहे. सर्दी गेली. जेवते, दोन्ही वेळा, शिजवून.

आई, गुहागरचं घर आठव. आगोटीला बाबा जाऊन कौलं परतून यायचे, झडीच्या बाजूला झापं बांधायचे, मगच कुलूप. इथलंही तसंच आहे, फक्त पाणी बाहेरून येत नाही, आधीच घरात असतं. गोठताना ते साधारण 9 टक्के फुगतं. समीरने सोड्याची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि तू दुपारभर काचा वेचत होतीस, ते आठव. तेच भिंतीतल्या पाइपात होतं. जानेवारीत इथे उणे 30 झालं तरी कुणी मान वर करून बघत नाही. मी घरात असले तर हीटिंग बंद पडल्याचं तासाभरात कळेल. रिकाम्या घरात कोणाला कळणार? आणि पाइप फुटला तरी तेव्हा थेंब गळत नाही. बर्फ वितळला की सुटतं सगळं, आणि तळघराची विहीर होते.

म्हणून काल प्लंबर आला. तळघरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, वरखालचे सगळे नळ उघडले, आणि कॉम्प्रेसर लावून पाइपातून हवा सोडली. नळ आधी खोकले, मग थुंकले, मग नुसते सुस्कारे टाकत बसले. गरम पाण्याची दीडशे लिटरची टाकी रिकामी व्हायला तासभर लागला. मी पायरीवर बसून बघत होते. रत्नागिरीत एप्रिल-मेमध्ये नळाला किती वाजता पाणी येईल म्हणून आपण जागायचो, आणि इथे चांगलं पाणी गटारात सोडायला मी माणूस लावलाय.

आता पुढचं ऐकून हसू नकोस. संडासात सोलकढी ओतली! म्हणजे रंग अगदी तोच, आमसुलं नुकती चोळलेला. कमोडच्या वळणात नेहमी थोडं पाणी साचून असतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. ते गोठलं तर भांडं तडकतं. काढून टाकलं तर वास घरभर. म्हणून तिथे न गोठणारं हे गुलाबी द्रव घालायचं. बेसिनमध्ये, बाथटबच्या जाळीत, कपड्यांच्या मशीनमध्ये, सगळीकडे थोडं थोडं. गाडीत घालतात ते वेगळं, ते विषारी. हे तसं नाही. दुकानात मोठाले कॅन रांगेने मांडलेले असतात आणि लोक दूध घ्यावं तसे उचलून नेतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, सरबतच आहे.

बाबा, चोरीचं म्हणालात. शेजारच्या आजोबांकडे किल्ली आहे, ते रोज डोकावणार आहेत. माझ्या विम्याची तशी अटच आहे. बर्फ पडला की आमच्या दारापर्यंत मुद्दाम चालून पावलं उमटवतो म्हणाले, म्हणजे घर वापरात दिसतं. हीटिंग 12 अंशांवर ठेवलंय. फ्रिज रिकामा, दार उघडं. गॅसबिस सगळं तपासलंय, दोनदा. एकटी असले तरी वेंधळी नाही.

प्लंबरने किती घेतले ते रुपयांत सांगत नाही. गुहागरच्या कौलांसाठी मी लाख पाठवते म्हणाले होते, पण सध्या साठ हजारच पाठवलेत. बाकीचे मी येईन तेव्हा. वैशाखाच्या आत कौलं व्हायलाच हवीत, हे मला कळतं.

आणि हो, परवा टोरोंटोला जायचंय, तिथलं ट्रेनिंग सहा आठवड्यांचं. ते सोडून सरळ घरी ये असं आईने म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. चुकवता येत नाही गं. 4 जानेवारीला पोचतेय, मार्चच्या मध्यापर्यंत आहे. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी समीर आहे, आत्या येणार आहे, मीही रोज व्हिडिओवर असेन. मी येईपर्यंत तर बाबा अंगणात चालत असतील.

समीरचा मुहूर्त फेब्रुवारीतलाच धरा. आधी मोठीचं, मग धाकट्याचं, हे आता पुरे. त्याची सासरची माणसं माझ्यामुळे ताटकळत आहेत, हे मला समीरकडून नाही, आत्याकडून कळलं. आत्या ज्या स्थळाबद्दल बोलली त्याला भेटेन. एकदा. साखरपुड्याच्या मांडवात मात्र नको.

दोन दिवस बादलीवर आहे. विनिपेगमध्ये तांब्याने अंघोळ करणारी आज मी एकटीच असेन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, ऑपरेशन जानेवारीत ढकलता येईल का, असं डॉक्टरांना विचारू नका. म्हणजे, सहज विषय निघाला तर विचारा.