मोहोर गळून गेल्यावर मधमाश्यांची काळजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘बागायतदारांनो, वेड्या राघूपासून सावध!’ हा लेख वाचला. हा छोटा हिरवा पक्षी मधमाश्या खातो आणि त्यामुळे आंब्याचं नुकसान होतं, असं त्यात लिहिलंय. या पक्ष्याने लेखकमहाशयांचं नेमकं काय घोडं मारलंय, ते कळलं तर बरं होईल.

मधमाश्या खातो, कबूल. पण गांधीलमाश्या, चतुर, भुंगेरे, पंखवाल्या मुंग्या यांच्यावरही तो ताव मारतो, त्याचं लेखात नाव नाही. म्हणे परागीभवन बुडून हापूस धोक्यात! साहेब, एप्रिल चालू आहे. मोहोर केव्हाच गळाला, आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात चालल्यात. आणि मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारण्यांवर फवारण्या होतात, त्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव मधमाश्या किती मरतात, याचा हिशेब कधी मांडलाय का कुणी? ज्यांच्या मधपेट्या आहेत त्यांना राघूचा त्रास होतो, नाही म्हणत नाही. त्यांनी पेट्या राघू बसतात त्या विजेच्या तारांपासून लांब, झाडीत ठेवाव्यात.

हेही सोडून दिलं असतं. पण आमच्या शेजाऱ्यांनी लेख सकाळी चहाबरोबर वाचला आणि दुपारी व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) दरडीतली राघूंची भोकं चिऱ्याच्या कपऱ्या नि चिखल कोंबून बुजवली. मार्चपासून तिथे राघूंची वस्ती असते. नर-मादी दोघं चोचीने माती कोरतात, पायांनी मागे उडवतात. बीळ पाच फुटांपर्यंत आत जातं. शेवटाला काडी नाही की कापूस नाही, नुसत्या मातीवर ३ ते ५ पांढरी, गोल अंडी. मी संध्याकाळी गेलो तर एक राघू चोचीत चतुर धरून बुजवलेल्या जागेसमोर घिरट्या घालत होता. तारेवर जायचा, चतुर आपटायचा, पुन्हा यायचा. गिळत मात्र नव्हता. आत पिल्लं असणार, दुसरं काय? खुरप्याने दोन भोकं मोकळी केली, बाकीची काळोखात सापडेनात. शेजाऱ्यांना जाब विचारला तर म्हणतात, “काका, पेपरात इलाहा मां!” (पेपरात आलंय ना!) आता यावर काय बोलणार?

लेखात याला ‘परदेशी पाहुणा’ही करून टाकलंय. पाहुणा येतो तो निळ्या शेपटीचा राघू. हा हिरवा इथलाच. भर पावसात फारतर कोरड्या भागाकडे सरकतो.

जाता जाता आणखी एक. हिरवं अंग, तांबूस डोकं, निळसर गळा, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक काड्या, असा पक्षी आपण काळा-पांढरा छापलात. मागच्याच पानावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची जाहिरात मात्र झगझगीत रंगीत! असो. निदान खुलासा तरी छापा. पहिलं पान नको, राशिभविष्याच्या खाली चालेल. आमचे शेजारी पेपर तिथूनच उघडतात.

आपला,
एक बागायतदार वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग