मिल्याची पट्टी

प्रिय शैल्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, दिवाळीलाही फोन केला नाही. चिडला असशील तर ते बरोबरच आहे. पण आजचं पत्र माफीसाठी नाही, मिल्यासाठी आहे. फोनवर हे मला जमलं नसतं, कारण तू मध्येच बोलतोस आणि मग आपण भलतीकडेच जातो.

तब्येतीचं उरकून टाकतो. माझी शुगर ताब्यात, आईचा गुडघा होता तसाच, बाकी सगळे ठीक.

मिल्याच्या ऑपरेशनचं स्मिताने तुला कळवलं होतंच. स्वरतंतूवरची गाठ साधी निघाली, रिपोर्ट चांगला आला. आता डॉक्टरांनी गायलाही परवानगी दिली आहे, फक्त ताणून गायचं नाही, वरचे सूर जबरदस्तीने लावायचे नाहीत. आणि या पठ्ठ्याने काय ठरवलंय ठाऊक आहे? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर स्मितासाठी आपलं ते जुनं इंग्रजी गाणं, 'अनचेन्ड मेलडी', गाणार. मूळ पट्टीत, पांढरी एकमध्ये, शेवटच्या चढाईसकट. कीबोर्डला मी.

परवा तालमीला बसलो. पहिलं कडवं असं गायला की माझे हात थांबायची वेळ आली. खालच्या सुरांत आता एक जाड, खरबरीत पोत आलाय, पूर्वी कधी नव्हता तो. मग चढण आली. आवाज फाटला असता तर मला एवढं लागलं नसतं, पण तो फाटलाच नाही. नुसती हवा आली. ओठ हलताहेत, मान ताणलेली, आणि सूरच नाही. त्याने गळ्यावर हात ठेवला, कोमट पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत. मधल्यापासून." मी हळूच पट्टी उतरवायचं ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या मात्रेवर त्याने हात वर केला. "अव्या, पट्टी जागेवर आण. गळा कापलाय माझा, कान नाही."

तेव्हापासून झोप नीट नाही. तो गळा ताणून पुन्हा काही करून बसेल ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी. त्या दिवशी सगळ्यांसमोर नुसती हवा आली तर तो पुन्हा गाणारच नाही. आपला मिल्या. तू ओळखतोस त्याला.

त्याच्याकडे युक्तिवाद तयार आहे, एल्व्हिस प्रेस्लीचा. हेच गाणं गातानाचा अमेरिकेतल्या रॅपिड सिटीचा तो व्हिडिओ, २१ जून १९७७चा, त्याने मला दोनदा दाखवला. चेहरा सुजलेला, घाम निथळतोय, एल्व्हिस स्वतः पियानोवर आणि त्याचा साथीदार चार्ली हॉज शेजारी माइक धरून उभा. "दोन महिन्यांत गेला हा माणूस, बेचाळिसाव्या वर्षी," मिल्या म्हणतो, "आणि बघ, सोडली का त्याने वरची जागा? माझी तब्येत तर ठणठणीत आहे." मी म्हटलं, नीट ऐक. तो हॅटफिल्डची, आपण ज्याचं ऐकून हे गाणं शिकलो त्या राइचस ब्रदर्सच्या जोडीतल्या वरच्या आवाजाची, नक्कल करतोय का? आवाज पातळ करून वर जातोय का? भरल्या छातीने जातोय, स्वतःच्या वजनानिशी. पियानो त्याच्या हातात आहे, हवं तिथे थांबतोय, हवं तिथे रेटतोय. मध्येच हॉजकडे बघून हसतो, ते हसू बघ. ते गाणं त्याने त्या दिवशी आपल्या अंगापुरतं करून घेतलं होतं. मिल्या म्हणाला, "तू वाजव."

म्हणून मी या गाण्याच्या मुळाशी गेलो. तुम्ही दोघं मला तेव्हा 'मास्तर' म्हणायचात, तर मास्तरकी समज. पण जे सापडलं ते तुला सांगायलाच हवं.

आपण ते गाणं १९६५पासून, राइचस ब्रदर्सच्या रेकॉर्डपासून, सुरू होतं असं धरून चाललो होतो. ते जन्मलं १९५५ साली, 'अनचेन्ड' नावाच्या तुरुंगाच्या सिनेमात. चाल अ‍ॅलेक्स नॉर्थची, शब्द हाय झॅरेटचे. झॅरेटला गाणं लिहायला बोलावलं तेव्हा तो स्वतःच्या घराला रंग देत होता आणि आपण कामात आहोत म्हणून आधी नाहीच म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. (तुझा स्वभाव!) सिनेमाचं नाव गाण्यात घाला असा आग्रह झाला, तोही त्याने मानला नाही. कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या तुरुंगातला एक कैदी, पळून जायची संधी आहे, आणि त्याला ठरवायचंय : कुंपण ओलांडायचं की शिक्षा पुरी करून सरळ रस्त्याने बायकोकडे जायचं. म्हणून त्या गाण्यात नद्या समुद्राकडे निघाल्या आहेत, वेळ सरत नाही आणि तो विचारतोय, तू अजून माझीच आहेस ना? आपण कॉलेजात ते पोरींसाठी गायचो. ते पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं गाणं आहे रे.

आता मुद्दा. सिनेमात ते गायलं कोणी? टॉड डंकनने. १९३५मध्ये गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरात पहिला पोर्गी झाला तो. बॅरिटोन! खर्जाकडे झुकणारा, भारदस्त, खालचा आवाज. कैद्यांमध्ये बसून, गिटारच्या साथीवर, आरडाओरडा न करता. मी ते ऐकलं आणि मला मिल्याचं पहिलं कडवं आठवलं, परवाचं. हुबेहूब नाही, पण त्याच घरातलं.

त्याच वर्षी सगळे त्या गाण्यावर तुटून पडले. अमेरिकेत लेस बॅक्स्टरचा वाद्यवृंद आणि कोरस पहिल्या नंबरवर पोचला. अल हिबलर, डोळ्यांनी अधू, ड्यूक एलिंग्टनबरोबर गायलेला, तोही बॅरिटोनच. रॉय हॅमिल्टनचं तर तू ऐकच. एल्व्हिसवर आणि राइचस ब्रदर्सवर दोघांवरही त्याची छाप आहे, लगेच कळतं. इंग्लंडमध्ये जिमी यंगने पहिला नंबर घेतला आणि तिथे पहिल्या वीसात एकाच वेळी या गाण्याच्या चार वेगवेगळ्या रेकॉर्डी होत्या. चार! प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि कुणालाही कुणी म्हटलं नाही की हे मूळ पट्टीत नाही.

आणि मग आपला हॅटफिल्ड. यातली गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. राइचस ब्रदर्सचं आपसात ठरलेलं होतं, प्रत्येक अल्बममध्ये दोघांना एकेक सोलो. हे गाणं दोघांनाही हवं होतं. मेडली सांगतो की त्यांनी नाणं उडवलं आणि हॅटफिल्ड जिंकला. शैल्या, विचार कर. बिल मेडली म्हणजे 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग'ची सुरुवात करणारा तो खोल विहिरीसारखा आवाज. नाणं दुसऱ्या बाजूवर पडलं असतं तर हे गाणं जगाने खालच्या आवाजात ऐकलं असतं. आपण ते तसंच शिकलो असतो आणि आज मिल्या म्हणाला असता, मूळ पट्टी हीच! आणि हरलेला मेडली काय करत होता त्या रेकॉर्डिंगमध्ये? वुर्लिट्झर पियानो वाजवत होता. साथीला बसला होता. मला तो माणूस फार आवडायला लागलाय. (निर्माता म्हणून नाव फिल स्पेक्टरचं लागलं, पण काम मी केलं असं मेडली सांगत आलाय. मी मेडलीच्या बाजूने आहे, यावर तू वाद घालणार हे माहीत असून लिहितोय.)

ते गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, पुढे होतं 'हंग ऑन यू'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि हे अमेरिकेत चौथ्या नंबरवर गेलं. असो, हे तुला ठाऊक आहे.

आता खरं कारण, हे फक्त तुलाच का लिहितोय त्याचं. ती कॅसेट आठवते? 'घोस्ट' पाहून आल्यावर आपण वेडे झालो होतो आणि तुझ्या मामांनी अमेरिकेहून आणली होती ती. तुझ्या खोलीत लावली आणि मिल्या दोन ओळींतच उठून उभा राहिला. "हा तो नव्हे." तू म्हणालास टेप ताणली गेलीय. मी म्हटलं, गाणं दुसरं रेकॉर्ड केलेलं आहे. त्यावरून तुझं माझं जे जुंपलं ते मेसच्या जेवणापर्यंत गेलं, आणि मिल्या आपला एकच धोशा लावून : कोणीतरी नकलाकार पकडून आणलाय, थू.

तर ऐक. तो नकलाकार नव्हता. बॉबी हॅटफिल्डच होता. सिनेमात वाजतं ते १९६५चंच. पण जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते, म्हणून त्या दोघांनी १९९०मध्ये ते कर्ब रेकॉर्ड्ससाठी नव्याने गायलं आणि अमेरिकेत कॅसेटवर विकलं गेलं ते हे नवं. जुनं आणि नवं दोन्ही एकाच वेळी पहिल्या वीसात होते, जुनं तेराव्या नंबरपर्यंत गेलं, नवं एकोणिसाव्यापर्यंत. त्या वर्षी हॅटफिल्ड पन्नासचा झाला होता. मी काल रात्री दोन्ही पाठोपाठ ऐकली. वरची जागा तो पन्नाशीतही घेतो. आवाज जरा जाड, वाद्यमेळ जास्त गुळगुळीत, पण चढायचं तिथे चढतो.

कळतंय ना मला काय म्हणायचंय? सगळे सूर लागूनसुद्धा आपल्या मिल्याने त्याला झिडकारलं होतं, कारण तो पंचवीस वर्षांनी मोठा झाला होता. तोच माणूस, तेच गाणं, तीच चढण, आणि वीस वर्षांचा मिल्या म्हणतो हा तो नव्हे. आता मिल्या स्वतः तिथे उभा आहे. समज, जिवाच्या आकांताने त्याने तो सूर लावला. तरी त्याच्या कानांना तो १९९०च्या कॅसेटसारखाच लागणार, आणि कान त्याचे शाबूत आहेत. तो स्वतःलाच थू म्हणेल. ही भीती मी कोणाला सांगू? स्मिताला सांगितली तर ती रडेल, इतरांना त्या कॅसेटची गोष्टच ठाऊक नाही.

स्मिताशी बोललो मात्र. ती म्हणाली, "अव्या, त्याला सांगू नकोस, पण मला त्या वरच्या सुराचा तेव्हाही धसका असायचा. तो तिथे पोचेपर्यंत मी श्वास धरून बसायचे, शब्द कधी ऐकलेच नाहीत नीट." बघ.

बाकीच्यांचं काय सांगू. १९९५मध्ये रॉबसन आणि जेरोम या दोन नटांनी गायलं, इंग्लंडात सात आठवडे पहिला नंबर, मला पाच मिनिटंही सहन झालं नाही. २००२चा गॅरेथ गेट्स मात्र ऐक. बोलताना अडखळणारं पोरगं, शब्द तोंडातून सुटत नाहीत, आणि गायला लागला की एक अक्षर अडत नाही. त्यानेही नंबर एक गाठला. जिमी यंग, राइचस ब्रदर्स, रॉबसन-जेरोम, गेट्स, एकाच गाण्याने चार निरनिराळ्या गळ्यांतून तिथे पहिला नंबर घेतला. पाचवा गळा मिल्याचा का नसावा?

तर काम असं आहे. तू त्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही, कारण मी रोजचा आहे, आणि आपल्या ग्रुपमध्ये गाण्यातलं शेवटचं मत तुझंच असायचं, मला कितीही राग आला तरी. तब्येत विचारत बसू नकोस, त्याला वीट आलाय. आधी डंकनचं ऐकायला लाव. मग नाण्याची गोष्ट सांग. कॅसेटचं शेवटी काढ, आणि जपून काढ. हॅटफिल्डच होता एवढंच सांग आणि गप्प बस, पुढचं तो स्वतः जोडेल. मी खालच्या पांढरी सहामध्ये सगळी साथ बसवून ठेवलीय, शेवटची चढण काढून तिथे सुरुवातीची ओळ पुन्हा घेतलीय, खालीच, फक्त गिटारवर. ती गिटार तुझी. तारखेला येतो आहेस हे मी गृहीत धरलंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? कन्येचा निकाल चांगला लागला असं ऐकलं, तिला शाबासकी. वहिनींना नमस्कार. घराच्या कागदपत्रांचं तू लिहिलं होतंस त्यावर नंतर सविस्तर लिहितो, आत्ता डोकं तिकडे नाही. पण घाईने सही करू नकोस.

रविवारी पुढची तालीम आहे. त्याच्या आत फोन कर.

तुझा,
अव्या

ता. क. मी पत्र लिहिलंय हे मिल्याला कळू देऊ नकोस. आणि फोनवर त्याने गुणगुणायला सुरुवात केली तर मध्ये बोलू नकोस.