उतावळा मोक्ष

संपादक महोदय,

'हॅझबिन हॉटेल' या नरकात घडणाऱ्या ॲनिमेशन मालिकेचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. इतकी शिवीगाळ आणि रक्तपात असलेली ही कसली कार्टून, हा पहिला. मालिका प्रौढांसाठीच आहे, एवढे सांगितले की तो मिटतो. दुसरा आक्षेप असा, की यात सगळे जुनेच साचे आहेत. तो खरा आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे.

व्हिव्हिएन मेड्रानो यांच्या या मालिकेचा पायलट भाग २०१९ मध्ये यूट्यूबवर आला आणि आठ भागांचा पहिला सीझन जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर. ल्युसिफरची मुलगी चार्ली पापी आत्म्यांना सुधारून स्वर्गात पाठवण्यासाठी हॉटेल चालवते. तिकडे स्वर्गातून दर वर्षी देवदूतांची फौज उतरते आणि नरकवासीयांची कत्तल करते. हट्टाने स्वप्न धरून बसलेली राजकन्या, तिच्यापासून तुटलेला बाप, सदा हसणारा आणि कधीही उलटेल असा मदतनीस ॲलेस्टर. ओळखीची माणसे, ओळखीची नाती.

देवदूत क्रूर आणि पापी प्रेमळ, ही उलटापालटही नवी नाही. आपला धर्मराज स्वर्गात पोहोचतो तर समोर सिंहासनावर दुर्योधन, आणि भाऊ नरकात. तेव्हा तो भावांजवळ नरकातच राहायचे ठरवतो. त्या कथेत पुढे देव येऊन ही सगळी माया होती असे सांगतात आणि प्रश्न मिटतो. मालिका तो प्रश्न मिटू देत नाही. सहाव्या भागात चार्ली स्वर्गाच्या दरबारात उभी राहते. स्वर्गात यायला काय लागते, असे विचारल्यावर कत्तल करणाऱ्या फौजेचा म्होरक्या ॲडम घाईघाईने तीन अटी खरडून देतो. त्याच वेळी खाली नरकात चार्लीच्या हॉटेलातला पापी एंजल डस्ट त्या तिन्ही पुऱ्या करताना सगळ्यांना दिसतो. तरी काहीच घडत नाही, आणि का घडत नाही ते वर कुणालाच सांगता येत नाही. न्याय करणाऱ्यांनाच नियम ठाऊक नाही! मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. त्यामुळेच ॲडमला इतका बढाईखोर आणि आचरट केलेला मला रुचत नाही. त्याचा राग करणे सोपे जाते. खरी अस्वस्थ करते ती स्वर्गाची प्रमुख देवदूत सेरा. ती मनापासून स्वर्गाचे रक्षण करते आहे आणि त्यासाठीच तिने कत्तलीला मान्यता दिली आहे.

आत्मा विकण्याचा करार ही युरोपातली शतकांपूर्वीची कल्पना. इथे तिचा उपयोग विलक्षण नेमका झाला आहे. एंजल डस्ट आपला आत्मा अश्लील चित्रपट काढणाऱ्या व्हॅलेंटिनोला देऊन बसला आहे, आणि त्याच्या स्टुडिओत त्याचे जे हाल होतात ते पाहताना सैतान-बितान आठवत नाही. नोकरीत किंवा नात्यात अडकवून पिळले गेलेले माणूस आठवते. चौथ्या भागात बारवाला हस्क त्याला उपदेश करत नाही. मीही जुगारात आत्मा हरलो, आपण दोघेही हरलेलेच, एवढेच तो सांगतो. त्याने करार सुटत नाही, सुटका जवळही येत नाही. फक्त एंजलचे नाटकी वागणे थोडा वेळ गळून पडते. सुधारणा अशीच सुरू होत असणार, यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

आणि म्हणूनच पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाने मला दुखावले. स्वर्गात पोहोचणारा पहिला पापी ठरतो सर पेंशस. हॉटेलात तो हेरगिरी करायला आला होता. पकडला गेल्यावर माफी मागतो, चार्ली ती देते, आणि शेवटच्या लढाईत तो आपले हवाई जहाज घेऊन ॲडमवर चालून जातो. एका फटक्यात भस्म होतो आणि डोळे उघडतो ते स्वर्गात. मला पेंशस आवडतो, त्या दृश्यात मी रडलेही. पण मरून पाप फेडणे हा सर्वांत स्वस्त साचा आहे, कारण मेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठून चांगले वागावे लागत नाही. त्यातून या जगात सगळे आधीच एकदा मेलेले. मरण हीच जर किल्ली असेल, तर हॉटेलाची गरजच काय? वाल्याचा वाल्मीकी व्हायला अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावे लागले होते. पेंशसच्या पदरी ते बसणे लेखकांनी फार थोडे टाकले. मधल्या भागांत त्याला विनोदापुरते वापरले आणि आठव्यात एकदम हुतात्मा केले.

मला या मालिकेकडून मोठी आशा आहे, म्हणून ही कळकळ. एंजल डस्टला तरी लेखकांनी अशा वीरमरणाने सोडवू नये. त्याचा करार सुटावा तो रोजच्या एकेका नकाराने, हस्कच्या त्या बारमध्ये बसून, आणि त्यासाठी हवे तितके भाग लागले तरी लागू देत.

आपली,
एक वाचक