सुई, पंगत आणि मांडे

शाहापूर, बेळगाव

प्रिय बाळू,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. आळस नव्हता रे. मधुमेहाची नवीन सुई, म्हणजे नवीन इन्शुलिन, थोडं अंगवळणी पडू दे, मग लिहू म्हटलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या.

जुन्या सुईत आणि हिच्यात फरक काय विचारतोस, तर गेल्या वैशाखात खानापूरच्या लग्नाला काय झालं ते आधी ऐक. मुहूर्त 12.35 चा. म्हणजे एकला पंगत, असा माझा हिशोब. जुनं रेग्युलर इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, म्हणून अक्षता पडल्या पडल्या मंडपामागं गेलो आणि पोटात बारा युनिटं टोचून घेतली. तेवढ्यात आहेर सुरू झाले. ते संपतात तोवर कुणीतरी पुढारी यायचे होते, त्यांची वाट. पावणेदोनला मला दरदरून घाम. हात थरथरायला लागले, शेजारचा बोलत होता ते विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं. कसाबसा चुलीपर्यंत गेलो. आचाऱ्यानं एकदाच माझ्या तोंडाकडं बघितलं, काही न विचारता तांब्यात मूठभर साखर ढवळून दिली. "माझ्या आईलाबी हाय ओ हे," म्हणाला. मीटरवर साखर 52. पंगत बसली तेव्हा पानात मांडे आले, आणि मी ते मोडायचीही ताकद नसल्यागत बसून होतो.

त्यानंतर मी घाबरलो. ताट समोर दिसल्याशिवाय सुई घ्यायची नाही असं ठरवलं. झालं उलटंच. ते इन्शुलिन अंगात उतरायला अर्धा तास, जोर धरायला दोन ते चार तास. भात केव्हाच रक्तात पोचलेला. जेवणानंतर दोन तासांनी 270, आणि संध्याकाळी पाचला, चहाच्या वेळी, परत थरथर. दोन्हीकडून मार.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कागदावर सहा गोल काढले. बाटलीतल्या इन्शुलिनचे कण सहा-सहाच्या घोळक्यानं असतात. टमटममध्ये सहा जण कोंबलेत, उतरल्याशिवाय आमच्या गल्लीत शिरता येत नाही, तसंच कातडीखाली हा घोळका सुटल्याशिवाय रक्तात जाता येत नाही. अ‍ॅस्पार्ट नावाच्या इन्शुलिनमध्ये रेणूतली एकच कडी बदलली आहे, त्यानं तो लवकर सुटतो. मला दिलंय ते त्याच्याही पुढचं: अ‍ॅस्पार्टच, पण त्यात नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व घातलंय, म्हणून आणखी झटकन शोषलं जातं. पहिल्या घासाला घ्यायचं. विसरलंच तर जेवायला बसल्यापासून वीस मिनिटांच्या आत चालतं. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्शुलिन आहे ते तसंच.

आता शिव्यांचा भाग. पहिल्याच रविवारी मटण-भाकरी. तूप, तेल, चरबी असलं जेवण पोटात रेंगाळतं, आणि सुई मात्र धावत सुटलेली. दीड तासात 64, आणि झोपताना बघतो तर 240! जुन्या सुईच्या वेळी जेवणाची वाट बघायचो, आता सुईच जेवणाच्या पुढं निघून गेली. तसल्या जेवणाला केव्हा आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय. ते माझ्यापुरतं आहे, तुझ्या दादांना सांगत बसू नको.

दादांना एवढं मात्र नक्की सांग. त्यांच्या इन्शुलिनच्या बाटलीवर 40 लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिटं; माझ्या इन्शुलिन-पेनाच्या कार्ट्रिजवर 100. पेनातलं इन्शुलिन त्यांच्या लाल टोपीच्या सिरिंजनं कधीही ओढायचं नाही. तेवढ्याच रेषेपर्यंत अडीच पट जाईल.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी (HbA1c) 8.1 टक्के होती, आता 7.9. फार काही नाही. डॉक्टर आधीच म्हणाले होते की तिथं मोठा फरक शोधू नका, जेवणानंतरचे आकडे बघा. ते मात्र उतरलेत, बहुतेक दिवशी 180 च्या आत. खिशाला मात्र हे जड आहे, ते लपवत नाही.

गंमत घरात झालीय. इतकी वर्षं बारा वाजले की स्वयंपाकघरातून हाक यायची, "टोचून घेतलासा काय?" आणि मी हो म्हटलं की तवा चढायचा. हिचं सगळं घड्याळ त्या सुईवर. आता मी ताटावर बसून पेन काढतो, तर ही उलथनं हातात धरून उभीच. "मग आता मी भाकरी कधी टाकू?" मी म्हणतो, तुला वाटेल तेव्हा. पटत नाही तिला. काल बारा वाजता परत हाक आली, आणि मीही सवयीनं "घेतली" म्हणून मोकळा झालो. खरं तर पेन अजून कपाटातच होतं.

दिवाळीनंतर खानापूरला धाकटीचं लग्न आहे, त्याच घरात. तेच आचारी. या वेळी ये. मांड्यावर दूध-तूप पडलं की पेन काढणार आहे.

तुझा,
नाना