मोहर्लीच्या गाइडताईंना, आईच्या वतीने

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मार्चच्या अखेरीस आमचे कुटुंब पुण्याहून ताडोब्याला आले होते आणि मोहर्लीच्या दरवाजावर सकाळच्या फेरीसाठी आपण आमच्या जिप्सीच्या वाट्याला आलात. हंगामात आपल्यासमोर रोज नवी माणसे येतात, तेव्हा आम्ही सगळेच आपल्या लक्षात असू अशी अपेक्षा नाही; परंतु काचबिंदूमुळे जिला आता उजेड आणि सावली एवढेच कळते, त्या आमच्या आईला आपण विसरला नसाल असे वाटते. निघताना आभार मानले होते, पण मागे गाड्यांची रांग होती, चालकाला दुपारच्या फेरीची घाई होती आणि आईला गाडीतून उतरवण्यात आम्ही सगळे गुंतलो होतो, त्यामुळे जे सांगायचे होते ते राहूनच गेले. ते येथे उघडपणे लिहिते आहे, कारण ज्या घरांत असे कोणी आहे आणि केवळ त्यामुळे जंगलाचा बेत दरवर्षी पुढे ढकलला जातो, त्या घरांतही हे वाचले जावे. आपले नाव मुद्दाम लिहीत नाही. न विचारता ते जगजाहीर करणे बरे नव्हे, आणि मोहर्लीत ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

आम्ही जेथे उतरलो होतो, तेथील व्यवस्थापकांनी आदल्या रात्री जेवताना अगदी सहजपणे सुचवले होते की, आजींना सकाळी खोलीवरच राहू द्या, पहाटे उठून धक्के खात जायचे आणि दिसणार तर काही नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण आईच्या देखत तिच्याविषयी असे बोलले गेले आणि ती नुसतीच ताटात बोट फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी दरवाजावर ओळखपत्रे तपासून झाल्यावर मी आपल्याला बाजूला घेऊन आईच्या डोळ्यांविषयी सांगू लागले, तेव्हा आपण माझे वाक्य पुरे होण्याआधीच तिच्याकडे गेलात आणि थेट तिलाच विचारलेत, "माय, ऐकू चांगलं येते ना?" चांगले येते, असे ती म्हणाली. "मग झालं," एवढे बोलून आपण चहाच्या टपरीवरून प्लास्टिकचे स्टूल आणलेत, तिला चालकाच्या लगेच मागच्या बाकावर, आपल्या पाठीशी बसवलेत, आणि मागच्या बाकावर धक्के जास्त बसतात म्हणून तेथे मुलांना धाडलेत. आजारी किंवा वृद्ध माणसाविषयी त्याच्या नातेवाइकांशी बोलायचे, ही आपल्याकडची रीत दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे आहे. आपण ती पाळली नाहीत, याबद्दलचे आभार सर्वांत आधी.

गाड्या आत सोडायला थोडा अवकाश होता. गावाकडच्या बाजूला मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला होता, त्यातली चार फुले आपण आईच्या तळहातावर ठेवलीत. मोहाची फुले मी पुस्तकात पाहिली होती, पण ती इतकी मांसल, ओलसर आणि गच्च गोड असतात हे मला आईच्या बोटांकडे पाहताना कळले. तिने एक फूल दाबले, वास घेतला, आपल्या परवानगीने जिभेवर ठेवले आणि लगेच विचारले की, याची भाजी करतात का. त्यावरून निघालेले बोलणे मला फार मोलाचे वाटते. फुले पहाटे गळतात, म्हणून वेचणाऱ्यांना अंधारातच घराबाहेर पडावे लागते. अस्वलालाही ती आवडतात आणि चितळालाही, चितळामागे वाघ येतो, आणि वेचणारी बाई तर खाली वाकलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसे मरतात, हे आम्ही पुण्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचतो. आपण ते कोणताही आव न आणता, आपल्या गावच्या बायकांच्या संदर्भात सांगितलेत, आणि त्याच दमात दरवाजाच्या आतले एकही फूल उचलायचे नाही, अशी ताकीदही दिलीत. वाघ ज्यांच्या शेतावरून जातो, त्यांच्याच गावच्या माणसांनी पाहुण्यांना वाघ दाखवायचा, ही व्यवस्था बाहेरून पाहताना जितकी सोपी दिसते तितकी ती नसणार, याची कल्पना आम्हांला तेथे आली.

कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, मोबाइलला बंदी आहे, याची मुलांनी आदल्या दिवसापर्यंत कुरकुर केली होती. माझ्या मते ताडोब्यातल्या सगळ्या नियमांत हा सर्वांत शहाणा नियम आहे. दरवाजा ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर आपण इंजिन बंद करायला लावलेत आणि आईला एकेक आवाज वेगळा काढून दिलात. डावीकडे उंचावर ठोके देतो आहे तो तांबट, दूरवर "पेरते व्हा" म्हणतो आहे तो पावशा, आणि खाली पाचोळ्यात जी एवढी मोठी खसफस चालली आहे ती मोठ्या जनावराची नसून सातभाई पक्ष्यांच्या टोळीची. सागाची पाने मार्चमध्ये गळून वाळलेली असतात, त्यामुळे त्या दिवसांत जंगलात कोण कसे चालते हे कानाला कळते, असे आपण सांगितलेत. चितळांचा कळप हलका आणि थांबत थांबत जातो, रानगवा बांबू मोडत जातो, अस्वल वारुळाशी तोंड लावून वाळवी ओढू लागले की त्याचा आवाज बराच लांबवर येतो. वाघाच्या पावलाचा मात्र आवाज येत नाही. त्याची बातमी दुसऱ्यांकडून घ्यावी लागते. हे ऐकल्यावर आईने विचारले, "मग डोळे असून तरी काय उपयोग?" त्यावर आपण जे मोकळेपणाने हसलात, त्याने गाडीतला सगळा संकोच गेला.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब ओळीने उभे आहेत. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवलेले असत, दोराला घंटा बांधलेल्या असत आणि निरोप चंद्रपूरपर्यंत पोचवला जाई, असे सांगतात, हे आपण आईला सांगितलेत आणि तिने ते दोनदा सांगायला लावले. ताडोबा हे नाव ज्यावरून आले तो तारू, वाघाशी झुंजताना पडलेला गावप्रमुख, तलावाकाठी झाडाखाली असलेले त्याचे देवस्थान आणि पौषात तेथे भरणारी आदिवासींची जत्रा, हेही आपण तितक्याच आत्मीयतेने सांगितलेत. १९५५ साली राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झालेला ११६.५५ चौरस किलोमीटरचा हा तुकडा, १९८६ मध्ये झालेले अंधारी अभयारण्य आणि पुढे दोन्ही मिळून झालेला व्याघ्रप्रकल्प, ही माहिती फलकावरही असते. पण जामणी गाव उठून गेल्यावर तेथे कुरण झाले आणि त्यात आता चितळे आणि गवे चरतात, हे सांगताना आपला आवाज किंचित बदलला, हे आमच्यापैकी फक्त आईच्या लक्षात आले. परतीच्या प्रवासात तिनेच ते आम्हांला सांगितले.

आता त्या झाडाविषयी. समोरून आलेल्या एका गाडीच्या चालकाने, तेलिया तलावाजवळ वाघीण बसली आहे, असे सांगितले आणि आमच्या मागच्या-पुढच्या सगळ्या जिप्सी धूळ उडवत तिकडे गेल्या. आपण आम्हांला विचारलेत, निर्णय आमच्यावर सोडलात, आणि तेथे काय असेल तेही प्रामाणिकपणे सांगितलेत: पंधरा-वीस गाड्या, लांबवर गवतात बसलेली वाघीण, आणि दुर्बिणीतून दिसले तर दिसले. मुलांना अर्थातच जायचे होते. पण त्याच वेळी रस्त्याच्या डाव्या अंगाला वानराने खाकरल्यासारखा आवाज दिला, मग चितळ ओरडले, आणि आपण चालकाच्या खांद्यावर हात ठेवलात. वानर-चितळ बिबट्यालाही ओरडतात, रानकुत्र्यांनाही ओरडतात, कधी उगाचही. थोडे थांबू, असे आपण म्हणालात. थोड्या वेळाने खोल गळ्यातून एकच "पोंक" आला. "सांबर खोटं बोलत नाही, माय," एवढेच आपण बोललात.

आपण गाडी अगदी सावकाश पुढे घ्यायला लावलीत आणि रस्त्याला लागून असलेल्या एका ऐनाच्या झाडापाशी थांबवलीत. झाडाच्या खोडावर साधारण कमरेच्या उंचीवर एक ओला ओघळ होता, इतका ताजा की कडा अजून सुकल्या नव्हत्या. आम्ही सगळे तो ओघळ पाहत होतो. आपण आईला म्हणालात की, नाकाने लांब श्वास घ्या आणि कशाचा वास येतो ते सांगा. आईने श्वास घेतला, थोडी थांबली, पुन्हा घेतला आणि म्हणाली, "कोणी तरी बासमती शिजवतंय." आम्हांला वाटले, भूक लागली असेल. परंतु आपली हद्द दाखवण्यासाठी वाघ झाडावर मूत्राचा जो फवारा मारतो, त्यात बासमतीला सुगंध देणारेच द्रव्य असते, हे आपण समजावून सांगितलेत, आणि त्या गाडीत तो वास ओळखणारी पहिली व्यक्ती आईच होती, हेही मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलेत. मला स्वतःला तिने सांगितल्यानंतरच तो आला. आयुष्यभर स्वयंपाकघरात भात उकळल्याचे जिला वासावरून कळत आले, तिच्या त्या ज्ञानाला जंगलात काही किंमत असेल, असे आमच्यापैकी कोणालाही आजवर वाटले नव्हते.

नर वाघ त्यानंतर दिसला, आणि तो फार वेळ दिसला नाही. मला येथे त्याचे वर्णन करायचे नाही, आपण केलेल्या वर्णनाविषयी लिहायचे आहे. आम्ही बाकीचे "बाप रे" आणि "तो बघ, तो बघ" याशिवाय काही बोलू शकलो नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला "तो बघ" या शब्दांनी काय मिळते, याचा विचार तोवर केलाच नव्हता. आपण हलक्या आवाजात, न थांबता, आईच्या कानाशी सांगत राहिलात: तुमच्या उजव्या खांद्याच्या रेषेत, दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर, बांबूतून डोकं बाहेर आलं, पाठ तुमच्या कमरेएवढी उंच, पुढचा डावा पाय उचलून थांबलाय, आपल्याकडं पाहतोय, पाय ठेवला, रस्ता ओलांडतोय, घाई नाही, शेपटीचं टोक वर, आता उतारावर, फक्त पाठ, गेला. घरी आल्यावर आईने शेजारच्यांना वाघाचे जे वर्णन सांगितले, ते मुलांच्या वर्णनापेक्षा कितीतरी बारकाईचे होते. मुलांना पट्टे आठवतात. आईला त्याने उचललेला पाय आठवतो.

फेरी संपताना गाड्या दरवाजावर परतू लागल्या, तेव्हा एकमेकांना विचारला जाणारा प्रश्न नेहमीचाच होता: दिसला का? मोठ्या लेन्स घेऊन आलेल्या, आणि वाघ न दिसल्याने चेहरा पाडून बसलेल्या एका गृहस्थांनी आपल्या गाइडला सर्वांसमोर सुनावलेलेही आम्ही पाहिले. पैसे भरले म्हणजे वाघ हजर करायची जबाबदारी गाइडची, अशी समजूत करून घेणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. पायी फिरून जंगल राखणारे वनरक्षक आणि वनमजूर यांच्या वाट्याला काय येते, हे त्यांना ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. आपण त्यांच्याविषयी बोललात तेव्हा आमच्या मुलीने, तरीही तुम्ही हे काम का करता, असे विचारले. "इथंच राहतो न आम्ही," असे आपण सहज म्हणालात आणि पुढच्या वळणावर मत्स्यगरुडाचे घरटे दाखवू लागलात.

या पत्राबरोबर आम्ही आणखी एक गोष्ट केली आहे. चंद्रपूर येथील क्षेत्र संचालकांच्या कार्यालयाला एक स्वतंत्र अर्ज पाठवला असून, दृष्टिहीन किंवा अंधुक दिसणाऱ्या पाहुण्यांना जंगल कसे सांगावे, याचा समावेश गाइडच्या प्रशिक्षणात करावा आणि ते शिकवण्याचे काम अशा अनुभवी स्थानिक गाइडकडेच द्यावे, अशी विनंती केली आहे. त्यात आपले नाव घातलेले नाही. आपली हरकत नसेल तर कळवावे, म्हणजे ते पुरवणी पत्राने देता येईल. आरक्षण करतानाच अशा पाहुण्याची नोंद करण्याची सोय असावी आणि गाडीत चढण्यासाठी दरवाजावर एखादी भक्कम पायरी असावी, असेही लिहिले आहे, कारण टपरीवाल्याचे स्टूल प्रत्येक वेळी रिकामे असेलच असे नाही.

शेवटी आईचा निरोप. पावसाळ्यात कोअर बंद असला तरी बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, काही दारे चालू असतात, असे आपण म्हणाला होतात, आणि पावसात जंगल कसे ऐकू येते ते तिला ऐकायचे आहे. तिच्या गुडघ्यांचा विचार करता कोणत्या दाराचा रस्ता त्या दिवसांत बरा असतो आणि जुलैत यावे की ऑगस्टमध्ये, एवढे सवडीने कळवावे. उत्तराची घाई नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपल्यावर लिहिले तरी चालेल.

आपली कृतज्ञ,
पुण्याच्या आजींची लेक