‘संतमस’च्या वजनाआधी ‘किमान’ हवेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘संतमस’ हे बाह्यग्रहाचे (म्हणजे सूर्याऐवजी दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे) नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले, म्हणून डिसेंबर २०१९पासून आपल्याकडे त्याचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण ‘गुरूच्या दीडपट वजनाचा ग्रह’ असे जे सरसकट छापले जाते, ते अपुरे आहे. दीडपट हे त्याचे किमान वस्तुमान.

हा ग्रह कुणी पाहिलेला नाही. २००६ मध्ये तो सापडला, तो त्याच्या ओढीने ‘बिभा’ या त्याच्या ताऱ्याला बसणाऱ्या हेलकाव्यांवरून. ग्रहाची फेरी २.१४ दिवसांची. तेवढ्या वेळात तारा सेकंदाला सुमारे २०८ मीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि तितक्याच वेगाने मागे जातो. ताऱ्याच्या वर्णपटातली ५००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) गडद रेषा त्यामुळे सरकते जेमतेम ०.००३५ अँगस्ट्रॉम! म्हणून ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेतून नेतात. आयोडीनच्या बारीक रेषा त्याच वर्णपटावर उमटतात आणि मोजपट्टीचे काम करतात. पृथ्वीचा स्वतःचा सेकंदाला ३० किलोमीटरचा वेग वजा करायचा राहिला, तर सगळे मुसळ केरात. रोज ठरावीक वेळी एकच निरीक्षण घेतले, तर १.८८ दिवसांचा खोटा परिभ्रमणकाळही तितकाच चपखल बसतो. त्यासाठी एकाच रात्री काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजावे लागते.

या पद्धतीत ताऱ्याची फक्त आपल्या दिशेची गती कळते. कक्षा कडेवरून दिसत असेल तर दीडपट बरोबर. पण ती आकाशाच्या प्रतलाशी, म्हणजे आपल्या नजरेला काटकोनात असलेल्या पातळीशी, ३० अंशांचाच कोन करत असेल, तर तोच ग्रह गुरूच्या तिप्पट भरेल. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना सापडला असता तर कक्षेचा हा कल कळला असता. बिभाचे तेज तसे घटताना आढळलेले नाही.

ग्रहाच्या बातमीसोबत छापल्या जाणाऱ्या रंगीत चित्राखाली ‘काल्पनिक चित्र’ एवढे दोन शब्दही छापावेत, ही विनंती.

बिभा मात्र पुण्यातून बघता येतो. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास, चंद्र नसताना, वासुकी तारकासमूहातला अल्फार्ड हा तारा शोधावा. त्याच्या ईशान्येला साडेआठ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडे कमी अंतरावर, हा ८.७ प्रतीचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही; चार इंची दुर्बीण आणि तारानकाशा हवा.

आपला,
एक वाचक, पुणे